आठ गुण, तीन पर्याय : निबंधाचा प्रकार कसा निवडावा?

दहावीच्या मराठी प्रथम भाषेच्या परीक्षेत शेवटच्या टप्प्यावर विद्यार्थ्यापुढे एक प्रश्न येतो. प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन अशा तीन प्रकारांतील तीन विषय दिलेले असतात व त्यांपैकी कोणत्याही एका विषयावर लिहायचे असते. या प्रश्नाला आठ गुण आहेत. बहुतेक विद्यार्थी तिन्ही विषयांवरून एकदा नजर फिरवतात आणि त्यातला जो शब्द ओळखीचा वाटेल त्यावर लिहू लागतात. 'झाड' दिसले की झाडाचे मनोगत, 'मोबाइल' दिसला की शाप की वरदान. सात-आठ ओळी झाल्यावर हात थांबतो. पुढे काय लिहावे ते सुचत नाही आणि दुसरा विषय घ्यावा तर वेळ उरलेला नसतो.

वर्षभर निबंधांची तयारी करूनही असे का होते? शब्दसंपत्ती किंवा वाचन कमी पडले, हे कारण नेहमीच खरे नसते. पुष्कळदा चूक पहिल्या दोन मिनिटांतच झालेली असते. विद्यार्थ्याने विषय निवडलेला असतो, पण लेखनप्रकाराचा विचारच केलेला नसतो. वास्तविक ही निवड विषयाची जेवढी असते, त्याहून अधिक लेखनप्रकाराची असते.

प्रश्नाचे स्वरूप

राज्य मंडळाच्या दहावीच्या 'कुमारभारती'साठी २०१८-१९ या शैक्षणिक वर्षापासून लागू झालेल्या आराखड्यात लेखी परीक्षा ८० गुणांची असून त्यासाठी तीन तासांचा वेळ दिला जातो. यापैकी २४ गुण 'उपयोजित लेखन' या विभागाला आहेत. या विभागाचे तीन भाग पडतात. पहिल्या भागात पत्रलेखन किंवा सारांशलेखन यांपैकी एक कृती सहा गुणांसाठी करावयाची असते. दुसऱ्या भागात जाहिरात, बातमी व कथा यांपैकी कोणत्याही दोन कृती प्रत्येकी पाच गुणांसाठी असतात. तिसरा भाग म्हणजे वर उल्लेखिलेला आठ गुणांचा प्रश्न. म्हणजेच या विभागात विद्यार्थ्याला तीन वेळा निवड करावी लागते.

गुण आणि वेळ यांचे प्रमाण पाहिले तर ८० गुणांना १८० मिनिटे, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटे येतात. या हिशेबाने संपूर्ण विभागाला सुमारे ५४ आणि निबंधाला १८ मिनिटे मिळतात. त्यातली पहिली दोन मिनिटे निवडीसाठी आणि शेवटची दोन मिनिटे पुन्हा वाचून पाहण्यासाठी ठेवली, तरी प्रत्यक्ष लेखनाला चौदा मिनिटे उरतात. शंभराच्या आसपास शब्द लिहिण्यास एवढा वेळ पुरेसा आहे. मात्र एकदा घेतलेला विषय सोडून दुसरा घेण्याइतका तो खचित नाही. म्हणूनच पहिल्या दोन मिनिटांचे मोल मोठे आहे.

एकच विषय, तीन रूपे

तीन प्रकारांतील भेद व्याख्या पाठ करून ध्यानात राहत नाही. तो उदाहरणातून चटकन कळतो. परीक्षेत तिन्ही प्रकारांचे विषय वेगवेगळे असतात. पण तुलनेसाठी येथे एकच विषय घेऊ. समजा, तो विषय आहे गावातील जुनी विहीर.

प्रसंगलेखनात प्रश्न असा येईल : 'गावातील विहिरीचा गाळ काढण्यासाठी झालेल्या श्रमदानात तुम्ही सहभागी झाला होतात, त्या प्रसंगाचे लेखन करा.' येथे लिहिणारा स्वतः त्या ठिकाणी हजर आहे. त्याने डोळ्यांनी पाहिलेले, कानांनी ऐकलेले वाचकापुढे उभे करावयाचे आहे. एखादा विद्यार्थी लिहील : 'सकाळी सात वाजता विहिरीच्या काठावर घमेली आणि फावडी मांडून ठेवली होती. तळाशी उतरलेल्या मुलांनी गाळाचे पहिले घमेले वर दिले, तेव्हा त्यात एक गंजलेली कप्पी निघाली. काठावर बसलेल्या आजोबांनी ती ओळखली.' या तीन वाक्यांत वेळ, स्थळ, माणसे आणि एक घडामोड आली. पुढे काय झाले, हे जाणून घ्यावेसे वाटते. प्रसंगलेखनाचे यश याच उत्सुकतेत असते.

आत्मकथनात प्रश्न येईल : 'जुन्या विहिरीचे मनोगत लिहा.' आता बोलणारी विहीर आहे. ती 'मी' म्हणून बोलेल आणि तिच्या वाट्याला जे आले तेवढेच सांगेल : 'माझ्या काठच्या चिऱ्यांवर खोल खाचा दिसतात ना? त्या कोणी छिन्नीने पाडलेल्या नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या पोहऱ्याचा दोर तेथे घासत आला. पुढे माझ्यात पंपाचा पाइप सोडला गेला आणि दोर घासण्याचे थांबले. त्या दिवसापासून काठावरचे बोलणेही थांबले.' विहिरीला जे दिसते, ऐकू येते आणि सोसावे लागते तेच येथे आले आहे. पाणीटंचाईवरील सरकारी योजनांची यादी विहिरीच्या तोंडी घातली असती, तर ती विहीर न राहता पाठ्यपुस्तक झाली असती.

वैचारिक लेखनात प्रश्न येईल : 'पाण्याचे नियोजन ही काळाची गरज.' येथे विहीर केवळ एक उदाहरण उरते. वाचकापुढे ठेवायचा आहे तो विचार, आणि विचाराला आधार लागतो. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. दुसरीकडे अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या कमी पावसाच्या गावाने उपलब्ध पाण्याचा ताळेबंद मांडून त्यानुसार पिके ठरवण्याची शिस्त लावून घेतली. ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की पावसाइतकेच नियोजनही महत्त्वाचे आहे, हा मुद्दा आपोआप पुढे येतो. 'पाणी म्हणजे जीवन' हे वाक्य दहा वेळा लिहून जे साधणार नाही, ते दोन नेमक्या दाखल्यांनी साधते.

तीन प्रकारांचे तीन नियम

वरील उदाहरणांवरून असे दिसेल की प्रत्येक प्रकाराचा बोलणारा निराळा आहे. प्रसंगलेखनात साक्षीदार बोलतो, आत्मकथनात ज्याची कहाणी आहे तो स्वतः बोलतो आणि वैचारिक लेखनात विचार करणारा माणूस बोलतो. बोलणारा बदलला की काळ, वाक्यरचना, तपशील आणि शेवट हे सारे बदलते. हे भान सुटले की गुण जातात. नेहमी आढळणाऱ्या चुका पाहिल्यास हे स्पष्ट होते.

प्रसंगलेखनातील सर्वांत मोठी चूक म्हणजे प्रसंग सोडून उपदेशाकडे वळणे. निरोप समारंभाचे वर्णन करता करता विद्यार्थी 'शिक्षक हे समाजाचे शिल्पकार असतात' अशा वाक्यांकडे जातो आणि समारंभ बाजूला राहतो. प्रसंग एकच असावा, तो शक्यतो भूतकाळात सांगावा, घटनांचा क्रम सुटू नये आणि मनावर उमटलेला परिणाम अखेरच्या दोन-तीन ओळींत यावा. प्रश्नासोबत सूचनाफलक, निमंत्रण किंवा मुद्दे दिलेले असतील, तर त्यातील दिनांक, वेळ, स्थळ व पाहुणे यांच्याशी लेखन जुळले पाहिजे. निमंत्रणात सायंकाळची वेळ असताना उत्तरात सकाळचे कोवळे ऊन पडलेले असेल, तर प्रश्न नीट वाचलेला नाही हे परीक्षकाच्या लगेच ध्यानात येते.

आत्मकथनात विद्यार्थी प्रथमपुरुषी सुरुवात करतात आणि मध्येच तृतीयपुरुषात घसरतात. 'मी एक नदी आहे' असे म्हणून झाल्यावर चौथ्या ओळीत 'नदीमुळे शेती पिकते, म्हणून नद्यांचे रक्षण केले पाहिजे' असे वाक्य येते. नदी स्वतःविषयी असे बोलणार नाही. 'माझ्या काठचा ऊस माझ्याच पाण्यावर वाढला' असे ती म्हणेल. बोलणाऱ्याला जे ठाऊक असणे शक्य नाही ते त्याच्या तोंडी घालू नये, हा आत्मकथनाचा मुख्य नियम आहे. जन्म, भरभराट, सद्यःस्थिती, दुःख आणि अपेक्षा हा क्रम सोयीचा असला, तरी तो प्रत्येक वेळी पाळलाच पाहिजे असे नाही. एखाद्या फाटलेल्या पुस्तकाने आपल्या पहिल्या वाचकाच्या आठवणीपासून सुरुवात केली, तर मनोगत अधिक जिवंत होते.

वैचारिक लेखनात घोषणांचा भडिमार ही नेहमीची उणीव आहे. 'झाडे लावा', 'वेळेचे महत्त्व ओळखा', 'सर्वांनी एकत्र यावे' अशी आज्ञार्थी वाक्ये एकापाठोपाठ एक येतात. पण तसे का करावे, याचे कारण कोठेच येत नाही. एक विधान, त्याची दोन कारणे, त्यांना आधार देणारा एखादा दाखला, विरुद्ध बाजूचा एक प्रामाणिक उल्लेख आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष एवढे असले तरी वैचारिक लेखन भरीव होते. यातील विरुद्ध बाजू विद्यार्थी बहुधा टाळतात. वास्तविक तिच्यामुळेच विचाराला वजन येते. मोबाइलचे दुष्परिणाम सांगताना दूरच्या पाड्यावरील मुलाला त्याच साधनाने अभ्यास करता आला, हे मान्य करणारा विद्यार्थी अधिक विश्वासार्ह ठरतो.

निवडीसाठी तीन प्रश्न

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. विषय वाचून झाल्यावर विद्यार्थ्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : या विषयावर आपल्याजवळ काय आहे? डोळ्यांसमोर उभा राहणारा एखादा दिवस असेल, त्या दिवसाचे बारीकसारीक तपशील आठवत असतील, तर प्रसंगलेखन घ्यावे. एखाद्या वस्तूच्या, प्राण्याच्या वा माणसाच्या जागी स्वतःला ठेवता येत असेल, त्याचे सुखदुःख कल्पिता येत असेल, तर आत्मकथन जमेल. आठवण किंवा कल्पना यांऐवजी मत आणि त्या मतामागील कारणे जवळ असतील, तर वैचारिक लेखन करावे. कच्च्या कामाच्या जागेवर प्रत्येक विषयापुढे सुचतील ते चार शब्द लिहून पाहावेत. 'श्रमदान – घमेले, कप्पी, आजोबा, पहिले पाणी' असे दिसणारे, हाताळता येणारे शब्द जेथे सुचतात, तेथे लिहिण्याजोगे काही असते. 'महत्त्व, गरज, काळजी, जबाबदारी' असे मोघम शब्दच सुचत असतील, तर तो विषय परिचित वाटला तरी हाताशी फारसे काही नाही असे समजावे.

दुसरा प्रश्न : कोण बोलत आहे आणि कोणाशी? याचे उत्तर एका वाक्यात देता आले पाहिजे. 'श्रमदानात भाग घेतलेला मुलगा आपल्या वाचकाला तो दिवस सांगत आहे', 'विहीर काठावर आलेल्या मुलांशी बोलत आहे', 'एक विद्यार्थी आपल्या गावकऱ्यांना पटवून देत आहे' अशी उत्तरे स्पष्ट असली की पुढील वाक्यांचा सूर आपोआप ठरतो.

तिसरा प्रश्न : शेवट कोठे होणार? प्रसंगाचा शेवट घटनेत किंवा तिच्या परिणामात होतो, आत्मकथनाचा शेवट एखाद्या भावनेत किंवा अपेक्षेत होतो आणि वैचारिक लेखनाचा शेवट निष्कर्षात होतो. शेवटचे वाक्य साधारणपणे मनात असल्याशिवाय पहिले वाक्य लिहू नये. वाट आधी ठाऊक असेल तर मध्येच हात थांबण्याचा प्रसंग येत नाही.

या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या प्रकाराविषयी सहज मिळतात, तो प्रकार निवडावा. दोन प्रकार सारखेच सोपे वाटले, तर अधिक नेमके तपशील ज्यात देता येतील तो घ्यावा. अमुक प्रकाराला परीक्षक सढळ हाताने गुण देतात, अशा ऐकीव गोष्टींवर विसंबू नये. तिन्ही प्रकारांना गुण सारखेच आहेत.

इतर कृतींची निवड

हीच कसोटी अन्य कृतींनाही लागू पडते. सारांशलेखनासाठी गद्य विभागातील अपठित उतारा पुन्हा उपयोगी पडतो आणि त्याचा सुमारे एक तृतीयांश सारांश करावयाचा असतो. ज्याला मुख्य मुद्दा व पूरक तपशील यांतील फरक लवकर कळतो, त्याने सारांश घ्यावा. ज्याला नमुन्याची शिस्त पाळता येते आणि कोणाशी कोणत्या शब्दांत बोलावे याची जाण आहे, त्याने पत्र घ्यावे. मुख्याध्यापकांना लिहिलेल्या पत्रात मित्राशी बोलावे तशी सलगी आली किंवा धाकट्या भावाच्या अभिनंदनात 'महोदय' आले, की पत्राचा तोल गेला.

जाहिरात, बातमी आणि कथा यांतही असाच भेद आहे. शाळेत होणाऱ्या रोपविक्रीची जाहिरात ही अजून न घडलेल्या गोष्टीकडे लोकांना बोलावते, म्हणून तिच्यात आकर्षक आणि थोडके शब्द हवेत. त्याच रोपविक्रीची बातमी ही घडून गेलेल्या गोष्टीची नोंद असते. तिच्यात काय, कोठे, केव्हा, कोणी ही माहिती तटस्थपणे यावी. 'अहो आश्चर्यम्' असे उद्गार बातमीत शोभत नाहीत. कथेत मात्र कोणाला तरी अडचण यावी लागते आणि ती सुटण्यापूर्वी काही घडावे लागते. अडचणच नसलेली कथा बहुधा वर्णन होऊन बसते.

पाठांतराचा धोका

निबंधमालांची पुस्तके आणि मार्गदर्शके यांतील तयार निबंध पाठ करण्याची सवय जुनी आहे. नमुना म्हणून ते वाचण्यात गैर काहीच नाही. उलट चांगल्या वाक्यरचनेचा कान त्यामुळे तयार होतो. अडचण येते ती पाठ केलेला निबंध विचारलेल्या प्रश्नावर बसवताना. वृक्षाचे मनोगत पाठ असलेला विद्यार्थी 'तोडलेल्या वृक्षाच्या बुंध्याचे मनोगत' विचारल्यावरही पक्ष्यांची किलबिल आणि गार सावली लिहीत जातो. बुंध्यावर आता पक्षी बसत नाहीत आणि त्याची सावलीही पडत नाही, हे त्याच्या मनात येत नाही. शेकडो उत्तरपत्रिका वाचणाऱ्या परीक्षकाला तीच सुरुवात आणि तोच शेवट पुन्हा पुन्हा भेटतो. अशा वेळी साधे, आपल्या परिसरातले, खरे वाटणारे एक वाक्य अलंकारांनी नटलेल्या पाठ केलेल्या परिच्छेदापेक्षा अधिक परिणाम करते.

खेड्यातील मुलांना या बाबतीत विनाकारण न्यूनगंड असतो. आपली भाषा शुद्ध नाही, आपल्याजवळ सांगण्यासारखे काही नाही, असे त्यांना वाटते. लेखनात प्रमाणभाषेचे नियम पाळावेच लागतात, हे खरे. परंतु खळे, बांध, मोट, पाणंद, आठवड्याचा बाजार हे ज्यांनी पाहिले आहे त्यांच्याजवळ प्रसंगलेखनाचे आणि आत्मकथनाचे साहित्य शहरी मुलांपेक्षा कमी नाही. मुंबईच्या चाळीत वाढलेल्या मुलापाशी लोकल गाडी आणि सार्वजनिक नळ आहेत. आपल्याजवळचे साहित्य कोणत्या प्रकारात चांगले मावेल, एवढेच ओळखावयाचे असते.

एका विद्यार्थिनीचा निबंध

शाळकरी निबंध म्हणजे गुणांपुरते लेखन, असे ज्यांना वाटते त्यांनी मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचे स्मरण करावे. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या या किशोरवयीन मुलीचा 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये प्रसिद्ध झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ साली सुरू झाली. तिच्या एकोणीस वर्षे आधी एका शाळकरी मुलीने विचारप्रधान निबंध लिहिला होता.

तिने निवडलेला प्रकार लक्षात घेण्यासारखा आहे. तिला स्वतःची करुण कहाणी सांगता आली असती. तसे न करता तिने विचार मांडण्याचा मार्ग धरला. धर्माच्या नावाने आपल्या समाजाला दूर ठेवणाऱ्यांना तिने तर्काने प्रश्न विचारले. बाळंतपणातही डोक्यावर छप्पर नसलेल्या स्त्रियांचे हाल तिने सांगितले. पण ते केवळ दया उत्पन्न करण्यासाठी नव्हते, तर आपल्या युक्तिवादाचा पुरावा म्हणून आले. अखेरीस तिने आपल्या समाजाला शिक्षणाची हाक दिली. सांगायचे काय, कोणाला आणि कशासाठी, हे तिला पक्के ठाऊक होते. म्हणून तिच्या हातून योग्य प्रकार निवडला गेला आणि तो निबंध आजही वाचला जातो.

शिक्षक आणि पालकांसाठी

निवडीची ही सवय परीक्षेच्या दालनात लागत नाही; ती वर्गात लावावी लागते. फळ्यावर एकच विषय लिहून वर्गाचे तीन गट करावेत आणि प्रत्येक गटाकडून निराळ्या प्रकारात केवळ सुरुवातीच्या चार ओळी लिहून घ्याव्यात. तिन्ही मोठ्याने वाचल्या की भेद मुलांच्या कानांना कळतो. दुसरा उपाय म्हणजे महिन्यातून एकदा निबंध न लिहिता केवळ निवड करावयास सांगणे : तीन विषय द्यावेत, दोन मिनिटांत एक निवडावयास लावावा आणि त्याचे कारण विचारावे. पालकांनीही 'किती निबंध पाठ झाले?' असे विचारण्याऐवजी 'आज काय पाहिलेस?' असे विचारले, तर मुलाच्या जवळचे साहित्य वाढेल.

दहावीनंतर कोणी आठ गुणांचा निबंध लिहावयास सांगत नाही. परंतु तक्रार अर्ज करावा की प्रत्यक्ष भेटावे, घडलेली घटना सांगावी की आपली बाजू मांडावी, स्वतःचे दुःख बोलून दाखवावे की सर्वांच्या वतीने बोलावे, असे प्रश्न पुढे आयुष्यभर पडतात. ग्रामसभेत उभ्या राहणाऱ्याला आणि नोकरीचा अर्ज लिहिणाऱ्यालाही ते सुटत नाहीत. त्या वेळी योग्य रूप निवडता येण्यासाठी लागणारा सराव ही शाळेतील दोन मिनिटे देत असतात. म्हणून परीक्षेत या प्रश्नापाशी आल्यावर लेखणी लगेच कागदाला लावू नये. तिन्ही विषय शांतपणे वाचावेत, आपल्याजवळ काय आहे ते पाहावे आणि मगच लिहावयास घ्यावे.